ठिणगी वाटणारा

त्र्यंबक रस्त्यावरचे मायको सर्कल अजून मायको सर्कलच आहे. मोटर इंडस्ट्रीज कंपनी, म्हणजेच मायको, हे नाव २००८ मध्ये कागदोपत्री संपले आणि कंपनी बॉश लिमिटेड झाली. नाशिककरांच्या तोंडातून मात्र ते गेले नाही. १९७०च्या सुमारास हा कारखाना सातपूरला उभा राहिला. त्यानंतर कित्येक वर्षे ‘मुलगा मायकोत आहे’ एवढे म्हटले की लग्नाच्या बोलणीतले पुढचे प्रश्न कमी होत. कारखान्याने नाव कमावले ते डिझेल इंजिनाच्या नोझलवर आणि इंजेक्टरवर. त्याच सातपूरमधल्या महिंद्राच्या कारखान्यातूनही वर्षानुवर्षे डिझेल गाड्याच बाहेर पडल्या. २००२ साली आलेली स्कॉर्पिओ तिथलीच. डिझेलने या शहराला दोन पिढ्या रोजगार दिला.

पण डिझेल इंजिनाला ठिणगी लागत नाही. सिलिंडरमधली हवा इतकी दाबली जाते की ती दाबानेच तापते आणि नोझलमधून डिझेलचा फवारा आला की आपसूक पेट घेतो. पेट्रोल इंजिनाला मात्र प्रत्येक वेळी कोणीतरी काडी लावावी लागते. ती काडी योग्य सिलिंडरला आणि योग्य क्षणी लावण्याचे काम जुन्या गाड्यांत एक लहानसा भाग करत असे. त्याचे नाव डिस्ट्रिब्युटर. कॉलेज रोडच्या किंवा इंदिरानगरच्या एखाद्या बंगल्याच्या आवारात ताडपत्रीखाली जपून ठेवलेली फियाट असते, वडिलांची आठवण म्हणून न विकलेली मारुती ८०० असते. अशा गाडीच्या घरात हा शब्द अजून रोजच्या वापरातला आहे. डिस्ट्रिब्युटर बिघडला तर घरच्या घरी, सुटीच्या एका सकाळी, बदलता येतो. काम अवघड नाही, पण ते पान्याने सुरू होत नाही. ते खुणेने सुरू होते, आणि ज्यांनी ही खूण केली नाही त्यांची सकाळ रात्रीपर्यंत लांबते.

बॉनेट उघडल्यावर डिस्ट्रिब्युटर ओळखायला सोपा असतो. मोठ्या चहाच्या पेल्याएवढा धातूचा डबा, त्यावर काळे टोपण, टोपणातून निघालेल्या जाड वायरी. फियाट पद्मिनीसारख्या चार सिलिंडरच्या गाडीत पाच वायरी असतात: चार प्लगकडे जाणाऱ्या आणि मधली एक कॉइलकडून आलेली. तीन सिलिंडरच्या मारुती ८०० मध्ये त्या चार.

टोपणाखाली काय चालते ते समजायला पंगत डोळ्यांसमोर आणावी. कॉइल म्हणजे स्वयंपाकघर. बॅटरीचे बारा व्होल्ट तिथे हजारो वेढ्यांच्या बारीक तारेतून वीस हजार व्होल्टच्या घरात पोहोचतात. पण ते आपोआप होत नाही. डिस्ट्रिब्युटरच्या पोटात पॉइंट नावाची एक चिमुकली कळ असते. मधल्या दांडीवरचे उंचवटे तिला एकेकदा उचलतात. पॉइंट मिटलेले असताना कॉइलमधून प्रवाह वाहतो. ते उघडले की प्रवाह तुटतो आणि त्या तुटण्याच्या क्षणी दुसऱ्या वेढ्यांत तो प्रचंड दाब उसळतो. शेजारचा कंडेन्सर पॉइंटवर होणारी ठिणगी गिळून टाकतो, म्हणजे पॉइंट जळत नाहीत आणि प्रवाह झटक्यात तुटतो. मग येतो वाढपी. दांडीच्या डोक्यावर बसलेला रोटर गोल फिरतो आणि टोपणातल्या एकेका टोकाजवळून जाताना तिथे ठिणगी वाढून पुढे सरकतो.

रोटर ओळीनेच फिरतो, पण सिलिंडर ओळीने पेटत नाहीत. बहुतेक चार सिलिंडरच्या इंजिनांत आणि पद्मिनीतही क्रम १-३-४-२ असा असतो, म्हणजे क्रँकवर एकाच टोकाला धक्के बसत नाहीत. म्हणून वायरी एकमेकींवरून ओलांडून गेलेल्या दिसतात. तो गुंता कोणाच्या निष्काळजीपणातून झालेला नसतो. तो हिशेबच तसा आहे. साफसफाईच्या नादात वायरी ‘सरळ’ लावणाऱ्याची गाडी म्हणूनच जागची हलत नाही.

हे सगळे किती वेगाने चालते? इंजिन मिनिटाला ३,००० फेरे घेत असेल तर क्रँक सेकंदाला पन्नासदा फिरतो. डिस्ट्रिब्युटरची दांडी त्याच्या निम्म्या वेगाने, म्हणजे सेकंदाला पंचवीसदा. दर फेऱ्यात चार ठिणग्या. सेकंदाला शंभर वेळा पॉइंट उघडतात, शंभर वेळा मिटतात, आणि यातली एकही ठिणगी चुकीच्या सिलिंडरला जात नाही. नाशिकहून सिन्नरला जाऊन येईपर्यंत काही लाख ठिणग्या वाटून झालेल्या असतात.

या रचनेचा जन्मही एका घराच्या आवारातच झाला. अमेरिकेतल्या ओहायो राज्यात डेटन गावी चार्ल्स केटरिंग आणि एडवर्ड डीड्स हे दोघे, दिवसा गल्ल्याची यंत्रे बनवणाऱ्या कंपनीचे काम आणि संध्याकाळी डीड्सच्या घरामागच्या धान्याच्या कोठारात प्रयोग, असे करत होते. त्यातून बॅटरी, कॉइल आणि पॉइंट यांवर चालणारी ठिणगीची पद्धत तयार झाली आणि कॅडिलॅकने ती आपल्या १९१० सालच्या गाड्यांना बसवली. १९०९ मध्ये त्यांनी काढलेल्या कंपनीच्या इंग्रजी नावातली आद्याक्षरे जोडून ‘डेल्को’ हा शब्द झाला. स्पेनमध्ये आणि इराणमध्ये आजही डिस्ट्रिब्युटरला सरळ ‘डेल्को’ म्हणतात, जसे इथे बॉशला मायको. जर्मनीत रॉबर्ट बॉश यांच्या कारखान्याने दुसरी वाट धरली होती. तिथल्या गॉटलोब होनोल्ड यांनी १९०२ मध्ये उच्च दाबाचा मॅग्नेटो आणि त्याला जोडलेला स्पार्क प्लग तयार केला. त्याला बॅटरीची गरजच नव्हती. पुढे मोटारींत दिवे आले, सेल्फ आला, बॅटरी सगळीकडे झाली आणि केटरिंगची पद्धत जगभर पसरली.

भारतात ती घराघरांत पोहोचली फियाटबरोबर. या गाडीचा नाशिक जिल्ह्याशी एक लांबचा धागाही आहे. ती बनवणारी प्रीमियर ऑटोमोबाईल्स १९४४ मध्ये वालचंद हिराचंद यांनी उभी केली, आणि त्याच वालचंदांनी त्याच्या अकरा वर्षे आधी, १९३३ मध्ये, मालेगाव तालुक्यात रावळगावचा साखरेचा उद्योग सुरू केला होता. रावळगावच्या गोळ्या आणि फियाट मोटार यांची मुळे अशी एकाच घरात जातात. कुर्ल्याच्या कारखान्यात तयार होणाऱ्या या गाडीला १९७४ मध्ये प्रीमियर पद्मिनी हे नाव मिळाले. १०८९ सीसीचे चार सिलिंडरचे इंजिन, कार्बोरेटर आणि पॉइंटचा डिस्ट्रिब्युटर हे तिचे अंतरंग जवळजवळ शेवटपर्यंत तसेच राहिले. मुंबईच्या रस्त्यावरून पद्मिनी टॅक्सी ३० ऑक्टोबर २०२३ पासून हद्दपार झाली, कारण शेवटच्या टॅक्सीची वीस वर्षांची मुदत आदल्या दिवशी संपली. खाजगी गाडीला मात्र अशी एका दिवसाची सक्ती नव्हती, त्यामुळे एमएच-१५ ची पाटी लावलेल्या काही पद्मिनी अजून टिकून आहेत.

दुसरी गाडी मारुती ८००. १४ डिसेंबर १९८३ रोजी पहिली गाडी ग्राहकाच्या हाती पडली आणि जानेवारी २०१४ मध्ये उत्पादन थांबले, तोपर्यंत ती २५ लाखांहून जास्त बनली होती. मधल्या काळातच डिस्ट्रिब्युटरचे युग संपत आले. १ एप्रिल २००० पासून देशभर धुराचे नवे नियम लागू झाले, कार्बोरेटर गेला, इंजेक्शन आले. ठिणगीचे काम संगणकाकडे गेले. आता क्रँकजवळ बसवलेला सेन्सर चक्राचे दात मोजतो आणि प्रत्येक प्लगवर बसलेल्या छोट्या कॉइलला आदेश जातो. झिजणारे काही नाही, पावसात भिजणारे काही नाही. बॉशनेच १९७९ मध्ये मोट्रॉनिक नावाने ठिणगी आणि इंधन एका पेटीतून सांभाळणारी यंत्रणा बाजारात आणली होती. म्हणून आज डिस्ट्रिब्युटरचे टायमिंग कानाने ओळखणारे मिस्त्री साठीच्या पुढचे असतात, आणि तरुण मिस्त्री गाडीला आधी स्कॅनर जोडतो. पद्मिनीला स्कॅनर जोडायला जागाच नाही.

हेच गाडीमालकाने स्वतः शिकण्याचे कारण आहे.

पण बदलण्याआधी दोष खरोखर डिस्ट्रिब्युटरचाच आहे का, हे पाहावे. पावसाळ्यात तर नक्कीच. इगतपुरीला वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. घाटातले धुके आणि पाऊस टोपणाच्या आत ओल धरवतात, आणि वीस हजार व्होल्टला ओल म्हणजे मोकळी वाट. ठिणगी प्लगकडे न जाता टोपणाच्या भिंतीवरूनच घसरते आणि गाडी मिसिंग करू लागते. अशा वेळी टोपण काढून कोरड्या फडक्याने आतबाहेर पुसले की काम भागते. डिस्ट्रिब्युटरवर रबराचे किंवा प्लास्टिकचे आवरण चढवणे ही घाटात गाडी चालवणाऱ्यांची जुनी युक्ती आहे आणि ती शहाणपणाची आहे.

पुसूनही फरक पडला नाही तर टोपण उजेडात धरावे. आत पेन्सिलीने ओढल्यासारखी बारीक काळी रेघ दिसली तर ती कोळशाची वाट आहे. ठिणगीने स्वतःसाठी पाडलेली. ती खरवडून दोन दिवस निभतात, टोपण बदलावेच लागते. आतली चार टोके जळलेली आहेत का, मधली कोळशाची कांडी दाबल्यावर परत वर येते का, रोटरला तडा आहे का, हे पाहावे. पॉइंटवर एका बाजूला खड्डा आणि दुसऱ्या बाजूला उंचवटा तयार झाला असेल तर कंडेन्सरवर संशय घ्यावा. रात्री आवारातला दिवा मालवून, इंजिन सुरू ठेवून बॉनेटखाली पाहिले तर खराब वायरींवर निळसर ठिणग्या सरपटताना दिसतात. हात मात्र लांब ठेवावा. टोपण, रोटर, पॉइंट आणि कंडेन्सर बदलून जवळजवळ निम्मे रुग्ण बरे होतात, आणि त्याला डिस्ट्रिब्युटर जागचा हलवावाही लागत नाही.

पूर्ण डिस्ट्रिब्युटर बदलण्याची वेळ येते ती दांडी झिजल्यावर. टोपण काढून रोटर धरावा आणि दांडी आडवी हलवून पाहावी. ती बोटांना जाणवेल इतकी डुलत असेल तर आतला बुश गेला. मग पॉइंटमधली फट प्रत्येक उंचवट्यावर वेगवेगळी पडते, चारही सिलिंडरना ठिणगी थोडी पुढे-मागे मिळते आणि कितीही टायमिंग लावले तरी गाडी गुळगुळीत चालत नाही. दुसरी तपासणी आणखी सोपी. डिस्ट्रिब्युटरच्या कडेला एक चपटी डबी असते, तिला कार्बोरेटरकडून आलेली बारीक नळी जोडलेली असते. ती नळी कार्बोरेटरकडून काढून तोंडाने हवा ओढावी. आतली प्लेट सरकली पाहिजे आणि जिभेने टोक बंद केल्यावर तशीच राहिली पाहिजे. सरकत नसेल तर आतला पडदा फाटला आहे.

या डबीचे काम काय, हे थोडे विस्ताराने सांगायला हवे, कारण टायमिंगचे सगळे मर्म त्यात आहे. पेट्रोल आणि हवेचे मिश्रण ठिणगी पडल्याबरोबर पूर्ण पेटत नाही. भुईनळ्याची वात पेटली तरी फूल उमलायला क्षण लागतो, तसेच. हा क्षण सेकंदाच्या एखाद-दोन हजारांश भागाएवढा. पण ३,००० फेऱ्यांच्या वेगाला एका हजारांश सेकंदात क्रँक अठरा अंश पुढे गेलेला असतो! म्हणून पिस्टन वर पोहोचण्याच्या आधीच ठिणगी द्यावी लागते. वेग जितका जास्त तितकी आधी. डिस्ट्रिब्युटरच्या पोटात स्प्रिंगांनी बांधलेली दोन छोटी वजने असतात. वेग वाढला की ती बाहेर फेकली जातात आणि ठिणगी आधी आणतात. कडेची डबी गाडीवरचा भार ओळखते: पाय ॲक्सिलरेटरवर हलका असेल तर ती ठिणगी आणखी आधी आणते आणि पेट्रोल वाचते. एकही इलेक्ट्रॉनिक भाग नसताना, दोन स्प्रिंगा आणि एक रबरी पडदा यांच्या भरवशावर हा हिशेब पन्नास वर्षे होत होता, ही गोष्ट खरोखर आदराची आहे.

आता प्रत्यक्ष काम. सामान फारसे लागत नाही: नेहमीच्या नंबरांचे पाने, प्लग पाना, फिलर गेज, स्क्रूड्रायव्हर, दोन वायरी जोडलेला बारा व्होल्टचा बल्ब, स्वच्छ चिंध्या आणि नेलपॉलिशची बाटली. खडूची खूण तेलाच्या बोटाने पुसते, नेलपॉलिश टिकते. नवा डिस्ट्रिब्युटर आणताना जुन्याचा फोटो आणि त्यावरचा नंबर सोबत न्यावा. द्वारका आणि वडाळा नाका परिसरात गॅरेज आणि पार्टची दुकाने आहेत. तिथे पद्मिनीचा भाग मिळाला नाही तर मुंबईत कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरचा सुट्या भागांचा बाजार आहे. ज्या कुर्ल्यात गाडी जन्मली तिथेच तिचे अवयव शोधायला जावे लागते. जुना, दुरुस्त केलेला भाग घेताना दुकानातच दांडी हलवून पाहावी.

गाडी सपाट जागी उभी करावी. हँडब्रेक ओढावा, चाकांना विटा लावाव्यात, गियर न्यूट्रल. बॅटरीची निगेटिव्ह वायर काढावी. ओढणी, पदर, सैल बाह्या आवराव्यात, पंख्याचा पट्टा त्यांची वाट पाहत असतो. हृदयात पेसमेकर बसवलेल्या माणसाने चालू इंजिनाच्या ठिणगीजवळ जाऊच नये.

मग पहिला सिलिंडर शोधायचा. त्याचा प्लग काढून भोकावर अंगठा ठेवायचा आणि दुसऱ्याने गाडी वरच्या गियरमध्ये टाकून हळूहळू पुढे ढकलायची. विटा आणि हँडब्रेक तेवढ्यापुरते काढावे लागतात. अंगठा हवेने आतून ढकलला जाऊ लागला की पिस्टन दाबाच्या फेरीत वर येत आहे. चार फेऱ्यांच्या इंजिनात पिस्टन दोनदा वर येतो, एकदा दाबण्यासाठी आणि एकदा धूर बाहेर टाकण्यासाठी. अंगठ्याला दाब फक्त पहिल्या वेळी लागतो. हा फरक न ओळखल्यामुळे सगळ्यात जास्त चुका होतात. पुलीवरची खूण इंजिनावरच्या टायमिंगच्या खुणेशी जुळेपर्यंत ढकलावे आणि थांबावे. गाडी न्यूट्रल करून हँडब्रेक आणि विटा पुन्हा लावाव्यात. त्यानंतर नवा डिस्ट्रिब्युटर बसेपर्यंत इंजिन फिरवायचे नाही.

टोपण उघडले की रोटर पहिल्या सिलिंडरच्या वायरीकडे तोंड करून उभा दिसेल. रोटरचे टोक जिथे आहे, तिथे डब्याच्या कडेवर नेलपॉलिशचा पहिला ठिपका. डबा इंजिनावर जिथे बसला आहे, तिथे डबा आणि इंजिन या दोघांवर मिळून एक सरळ रेघ. दोन-चार फोटो, आणि प्रत्येक वायरीला चिकटपट्टीवर तिचा नंबर. एवढे झाले की निम्मे काम झाले. उरलेले निम्मे म्हणजे या खुणा पुन्हा तशाच जुळवणे.

पॉइंटची बारीक वायर आणि व्हॅक्यूमची नळी काढावी. डिस्ट्रिब्युटरला धरून ठेवणारा पट्टीचा बोल्ट सोडवावा आणि डिस्ट्रिब्युटर सरळ वर खेचावा. वर्षानुवर्षे न हललेला असेल तर थोडे गंज सोडवणारे तेल सोडून अर्धा तास थांबावे. हातोडा मारू नये. काही गाड्यांत दांडीच्या टोकाला तिरक्या दातांचे गियर असते. अशा वेळी बाहेर येताना रोटर थोडा वळतो. तो वळून कुठे थांबला, तिथे दुसरा ठिपका द्यावा. काहींत दातांऐवजी खाचांची दांडी किंवा मध्यापासून जरा सरकवलेली जीभ असते, ती एकाच बाजूने बसते. भोकात लगेच चिंधी खोचावी. वॉशर इंजिनात पडला तर ते काम सुटीच्या सकाळचे राहत नाही.

जुना आणि नवा शेजारी शेजारी ठेवून लांबी, गियरचे दात आणि फिरण्याची दिशा ताडून पाहावी. जुन्यावरचे ठिपके मोजून नव्यावर उतरवावेत. नवी गॅस्केट, गियरवर इंजिन ऑइलचा हात, आणि रोटर दुसऱ्या ठिपक्यावर ठेवून डिस्ट्रिब्युटर आत सोडावा. तो खाली जाता जाता वळतो आणि पहिल्या ठिपक्यावर येऊन थांबतो. हे पहिल्यांदा पाहणाऱ्याला फार समाधान देणारे दृश्य आहे. एक दात चुकला तर रोटर ठिपक्याच्या अलीकडे-पलीकडे थांबतो. मग पुन्हा वर काढून एक दात सरकवायचा. डिस्ट्रिब्युटर पूर्ण खाली बसतच नसेल तर खालच्या ऑइल पंपाची खाच जुळलेली नसते. लांब स्क्रूड्रायव्हरने ती किंचित फिरवावी, जोर लावून दाबू नये.

बसवताना पॉइंटची फट लावायची राहून जाते. दांडीचा उंचवटा पॉइंटच्या टाचेखाली बरोबर येईल इतकी गाडी ढकलून घ्यावी. अनेक गाड्यांत ही फट अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास असते. नेमका आकडा गाडीच्या पुस्तिकेतून घ्यावा. फिलर गेजची पाती न अडकता, पण हलकीशी घासत सरकली पाहिजे. फट बदलली की टायमिंगही बदलते, म्हणून आधी फट, मग टायमिंग. नंतरच्या मारुतींत पॉइंटच्या जागी चुंबकीय पिकअप आला, तिथे ही कटकट नाही.

टायमिंगला बल्ब लागतो. त्याची एक वायर पॉइंटच्या टोकाला, दुसरी इंजिनाच्या धातूला. पुलीची खूण पुस्तिकेने सांगितलेल्या अंशावर आणावी, बॅटरी जोडावी, किल्ली फिरवावी, सेल्फ मारू नये. पॉइंट मिटलेले असतील तर बल्ब बंद असतो, उघडले की लागतो. डबा हळूहळू फिरवत नेमका बल्ब पेटतो त्या जागी थांबावे आणि बोल्ट कसावा. डबा रोटरच्या दिशेच्या उलट फिरवला तर ठिणगी आधी पडते, त्याच दिशेने फिरवला तर उशिरा, एवढे लक्षात ठेवले की पुरे. काम झाले की किल्ली लगेच बंद करावी. मिटलेल्या पॉइंटवर किल्ली चालू राहिली तर कॉइल तापून जाते.

वायरी नंबरांप्रमाणे लावून सेल्फ मारल्यावर इंजिन सुरू न होता कार्बोरेटरमधून फटका आला, तर घाबरायचे कारण नाही, फक्त तोंड बॉनेटखाली नको. बहुतेक वेळा डिस्ट्रिब्युटर अर्धा फेरा उलटा बसलेला असतो: दाबाऐवजी धुराच्या फेरीत ठिणगी पडते. अंगठ्याची परीक्षा पुन्हा करून तो परत बसवावा.

खरी परीक्षा चढावर होते. नाशिकहून निघून इगतपुरी गाठावी, कसाऱ्यापर्यंत उतरावे आणि घाट चढत परत यावे. जून २०२५ मध्ये समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा खुला झाला आणि बरीच वाहने बोगद्यातून जाऊ लागली. पण जुन्या गाडीचे टायमिंग तपासायला जुना घाटच हवा. वरच्या गियरमध्ये, पाय दाबून चढताना डब्यात खडे हलवल्यासारखा टकटक आवाज आला तर ठिणगी फार आधी पडते आहे. तसेच दामटले तर पिस्टन खराब होतात. उलट गाडी जड वाटली, ओढत नसली आणि काटा तापाकडे सरकू लागला तर ठिणगी उशिरा पडते आहे. कडेला सुरक्षित जागी थांबावे, बोल्ट जरासा ढिला करून डबा केसभर फिरवावा, पुन्हा कसावा. केसभर म्हणजे खरोखर केसभर. डब्याचा एक अंश क्रँकचे दोन अंश असतो. जाणकार मिस्त्री हे काम चालू इंजिनाच्या आवाजावर करतात. घरी करणाऱ्याने स्ट्रोब दिवा मिळवला तर त्याच्या उजेडात पुलीची फिरती खूण जागच्या जागी थांबलेली दिसते आणि अंदाजाची गरज राहत नाही. टायमिंग बदलले की धुराचे प्रमाणही बदलते, म्हणून पीयूसी तपासणी या कामानंतर करून घेणे बरे.

पन्नास वर्षांहून जुन्या गाडीच्या मालकाला आणखी एक सोय आहे. २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार अशी गाडी मूळ स्वरूपात राखली असेल तर ती विंटेज म्हणून नोंदवता येते आणि पाटीवर ‘व्हीए’ ही अक्षरे येतात. नोंदणीची फी २०,००० रुपये आहे आणि तशी गाडी रोजच्या वापराला चालत नाही. १९७४ ची पहिली पद्मिनी ही रेघ ओलांडून गेली. अशा गाडीत पॉइंट काढून इलेक्ट्रॉनिक संच बसवावा की नाही, यावर दोन मते आहेत. रोज फिरणाऱ्या गाडीला तो बसवणे योग्यच. पण जी गाडी मूळ रूपात जपायची आहे तिच्यात पॉइंटच राहू द्यावेत आणि काढलेला जुना डिस्ट्रिब्युटर भंगारात न देता तेल लावून, वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवावा. त्याचा बुश लेथवर नवा करता येतो, आणि अंबड-सातपूरच्या औद्योगिक वसाहतींत लेथ चालवणाऱ्या वर्कशॉपची वाण नाही.

नव्या पॉइंटची टाच पहिल्या काही दिवसांत थोडी झिजते आणि फट मिटत जाते. म्हणून सात-आठशे किलोमीटर झाल्यावर टोपण पुन्हा उघडावे, दांडीच्या उंचवट्यावर ग्रीसचा तांदळाएवढा ठिपका लावावा, फिलर गेज आत घालून पाहावे आणि बल्ब पुन्हा जोडावा. नेलपॉलिशची रेघ तोवर तिथेच असते.